टू-स्ट्रोक इंजिनाचें कंप्रेशन : माप आणि मापणारा

‘मापांत पाप’ हा शब्दप्रयोग आपणां सर्वांस बाजारांतून परिचित आहे. धान्य मोजणारा मापाच्या तळाशीं दोन बोटें घालून मोजूं लागला, तर त्याचें पाप ओळखण्यास फारशी विद्या लागत नाहीं. परंतु माप घेणारा प्रामाणिक, त्याचें साधन विकत आणलेलें व चांगल्या किंमतीचें, आणि तरीहि निघणारा आंकडा खोटा, असाहि एक प्रकार जगांत आहे. तो पहिल्याहून अधिक घातक होय. कारण त्यांत फसविणारा आणि फसणारा हा एकच मनुष्य असतो, व त्याला त्याची दादहि नसते. ह्या दुसऱ्या प्रकाराचें एक उदाहरण प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तें उदाहरण टू-स्ट्रोक इंजिनाचें कंप्रेशन मोजण्याचें, म्हणजे सिलिंडरांत कोंडलेल्या हवेचा दाब पाहण्याचें आहे.

असला यांत्रिक विषय शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, कोल्हापूर हें जसें कुस्तीचें आणि गुळाचें, तसेंच तें यंत्रांचेंहि गांव आहे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत बाबूराव पेंटर यांनीं चित्रपट घेण्याचा कॅमेरा ह्याच गांवीं बनविला. पुढें शिवाजी उद्यमनगरांत ओतकामाचे व लेथकामाचे कारखाने उभे राहिले, ऑइल-इंजिनें तयार होऊं लागलीं, आणि ‘मिस्त्री’ ही येथें मानाची पदवी झाली. आमच्या वर्गांतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज तेथें हातांत पाना घेऊन उभे आहेत. फळ्यावर लिहिलेला बॉइलचा नियम आणि त्यांच्या हातांतील पाना ह्यांची गांठ जेथें पडते, अशा जागा दाखवून देणें हें आम्ही शिक्षकाचें कर्तव्य समजतों.

टू-स्ट्रोक गाड्या आतां जुन्या झाल्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतील टू-स्ट्रोक येझदी १९९६ सालीं बंद पडली. एस्कॉर्ट्स कंपनीनें १९८५ पासून काढलेली यामाहा आर. एक्स. १०० हिचेंहि उत्पादन त्याच वर्षीं थांबलें. धुराविषयींचे नियम कडक होत गेल्यावर बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरीहि निघेनाशा झाल्या. तरी कोल्हापूरच्या रस्त्यांवर व आसपासच्या खेड्यांत अशा गाड्या अजून राबत आहेत. कोणी त्यांवरून दूध घालतो, कोणी वैरणीचा भारा आणतो, आणि कोणी हौसेनें त्यांस नव्यासारख्या राखून आहे. अशा गाडीचा सिलिंडर झिजला म्हणजे तो बोअर करावा लागतो. म्हणजे आंतून थोडा धातु काढून त्यांत किंचित् मोठा पिस्टन बसवितात. हे मोठे पिस्टन बहुधा पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनीं मिळतात, व एका सिलिंडरास अशा तीन-चार पायऱ्यांच लाभतात. काढलेला धातु पुन्हां भरून येत नाहीं. पायऱ्या संपल्या कीं नवी स्लीव्ह घालण्याचा मोठा खर्च उभा राहतो. सबब, कंप्रेशनचा एक खोटा आंकडा म्हणजे गरिबाच्या गाडीच्या आयुष्यांतील एक पायरी फुकट जाणें होय. उलट बाजूनें, जुनी गाडी घेणाऱ्यास खोटा चढा आंकडा दाखविला गेला, तर त्याचे पैसे बुडतात.

प्रथम हा दाब उत्पन्न कसा होतो तें पाहूं. फोर-स्ट्रोक इंजिनांत हवेच्या येण्याजाण्यास झडपा असतात. टू-स्ट्रोक इंजिनांत पिस्टन हाच द्वारपाल असतो. सिलिंडरच्या भिंतीला कांहीं खिडक्या पाडलेल्या असतात, त्यांस कारागीर पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखालीं होतांना तीं पोर्टें उघडतात व मिटतात. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आधीं खालच्या क्रँककेसमध्यें येतें आणि तेथून वर ढकललें जातें. इंग्लंडांतील बाथ शहरीं जोसेफ डे यांनीं १८९१ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. पिस्टन वर निघाला तरी धूर जाण्याचें पोर्ट उघडें आहे तोंपर्यंत दाब चढत नाहीं. तें मिटल्यावरच खरी कोंडी सुरू होते. म्हणूनच फोर-स्ट्रोक गाडीचा आंकडा घेऊन टू-स्ट्रोक गाडीशीं ताडून पाहणें निरर्थक आहे.

आतां समजा, पोर्ट मिटलें त्या क्षणीं कोंडलेल्या हवेचें घनफळ ७० घनसेंटिमीटर आहे, आणि पिस्टन माथ्यावर पोंचल्यावर तिला १० घनसेंटिमीटर जागा उरते. हवा सातपट दाबली गेली. बॉइल यांनीं १६६२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें, हवेचें उष्णतामान कायम राहिलें तर दाब सातपट होईल. समुद्रकांठीं हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. त्याची सातपट सुमारें १०३. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब वजा जातां गेज ८८ पौंड दाखवील. परंतु हवा झटक्यानें दाबली असतां ती तापते, हें सायकलच्या पंपास हात लावणारा प्रत्येक मुलगा जाणतो. ती सगळी उष्णता आंतच राहिली, तर तोच आंकडा २०९ च्या घरांत जाईल. खरें इंजिन ह्या दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी असतें. पिस्टन किती वेगानें वर गेला, सिलिंडरच्या भिंती किती गरम होत्या, हवा पुरेशी आंत आली होती कीं नाहीं, आणि रिंगांच्या कडेनें किती गळाली, ह्या चार गोष्टींवर आंकडा अवलंबून आहे. कारागिराला जाणून घ्यावयाची असते ती केवळ चौथी गोष्ट. पहिल्या तीन गोष्टी स्थिर ठेवल्यावांचून चौथी कळणें शक्य नाहीं. सगळ्या परीक्षेचें मर्म एवढेंच आहे.

आरंभ साधनापासून करूं. हवेचा दाब कोंडून धरण्यासाठीं गेजला एक लहान एकमार्गी झडप असते. ती प्लगच्या बाजूच्या टोकाशीं असावी. ती वर गेजपाशीं असली, तर मधल्या रबरी नळींतील पोकळी इंजिनाच्या दहनकोठींत मिळविली जाते. वरील उदाहरणांत नळीची पोकळी ५ घनसेंटिमीटर धरली, तर ७० चे ७५ व १० चे १५ होतील, आणि सातपट दाबणूक पांचपटीवर येईल. मोटारगाडीच्या मोठ्या सिलिंडरांत एवढ्याशा पोकळीनें फारसें बिघडत नाहीं. परंतु १०० घनसेंटिमीटरच्या इंजिनांत तिच्यामुळें चांगला सिलिंडर झिजलेला ठरतो. दुसरें असें कीं, ह्या झडपेंतील पिन टायरच्या व्हॉल्व्हच्या पिनेसारखीच दिसते, पण तिची स्प्रिंग पुष्कळच मऊ असते. ती हरवली म्हणून कोणी टायरची पिन घातली, कीं ताठ स्प्रिंग उघडण्यांतच कांहीं दाब खर्ची पडतो व आंकडा कमी येतो. बाहेरून पाहणाऱ्यास ह्याची शंकाहि येत नाहीं.

प्लगच्या जागीं बसणाऱ्या तोटीचे आटे मूळ प्लगाच्या आट्यांइतकेच लांब असावेत. आखूड तोटी पोकळी वाढविते. फाजील लांब तोटी पिस्टनच्या माथ्यावर आदळण्याचें भय असतें. हातानें दाबून धरावयाच्या रबरी टोकाच्या गेजपेक्षां आट्यांनीं बसणारें गेज केव्हांहि श्रेष्ठ. तसेंच तबकडीचा पल्ला योग्य पाहिजे. आमच्या गांवीं डिझेल इंजिनांसाठीं वापरलेलीं मोठ्या पल्ल्याचीं गेजें पुष्कळ ठिकाणीं सांपडतात. त्यांवर १०० पौंडांची खूण आरंभाच्याच कोपऱ्यांत येते, व दहा पौंडांचा फरक डोळ्यांस नीट दिसत नाहीं. २०० किंवा ३०० पौंड पल्ल्याचें गेज ह्या कामास योग्य. तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, ज्याची खात्री आहे अशा दुसऱ्या गेजबरोबर तें एकाच कॉम्प्रेसरच्या नळीवर लावून दोहोंचे कांटे ताडून पाहावे. तबकडीवर किलोचे आंकडे असले, तर दर चौरस सेंटिमीटरास ७ किलो म्हणजे दर चौरस इंचास सुमारें १०० पौंड, हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

साधनानंतर इंजिनाची तयारी. गाडी पांच-दहा मिनिटें चालवून गरम करावी. गरम झाल्यावर पिस्टन व रिंगा फुगून आपापल्या जागीं बसतात, आणि भिंतीवर ऑइलचा नेहमींचा पातळ थर असतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचा सिलिंडर कोरडा पडलेला असतो. तिचें माप तशा स्थितींत घेतल्यास तें हटकून कमी भरतें. वारंवार किका मारून आंत पेट्रोल साचलें असेल, तर त्यानेंहि ऑइल धुऊन जातें. इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा कॉक मिटावा. प्लग काढण्यापूर्वीं त्याच्या भोंवतालची धूळ व वाळू फुंकून काढावी; नाहीं तर ती आंत पडून, जें नुकसान आपण शोधावयास निघालों तेंच आपल्या हातून घडावयाचें. प्लगची वायर मोकळी लोंबत ठेवूं नये. तिला प्लग लावून तो इंजिनाच्या उघड्या धातूशीं, प्लगच्या भोकापासून दूर, नीट टेकवावा. किक मारतांना त्या भोकांतून व गळक्या फटींतून पेट्रोलाची वाफ बाहेर पडते व मोकळ्या ठिणगीनें ती पेटूं शकते; शिवाय कांहीं गाड्यांच्या विद्युत्-जुळणीसहि मोकळ्या वायरीपासून इजा पोंचते.

ह्यापुढील गोष्ट फार थोडे लोक पाळतात. किक मारतांना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरावा व चोक मोकळा असावा. कार्ब्युरेटरचें दार मिटलेलें असलें, तर क्रँककेसमध्यें हवाच पुरेशी येत नाहीं, आणि जें आलेंच नाहीं तें दाबणार काय? हवेची जाळी धुळीनें भरलेली असली तरी तोच परिणाम. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, सारख्या जोरानें व न थांबतां किका माराव्या. कांटा चढावयाचा थांबेपर्यंत, म्हणजे सामान्यतः पांच ते आठ. किती मारल्या तें मोजावें. किक मारणारा मनुष्य एकच असावा; कारण वेग कमी झाला कीं उष्णतेला व हवेला निसटावयास अधिक वेळ मिळतो. एकदां आंकडा घेऊन समाधान मानूं नये. गेजमधील हवा सोडून तीनदां परीक्षा करावी. तिन्ही आंकडे जवळजवळ सारखे आले, तरच त्यांवर विश्वास ठेवावा. शेवटच्या आंकड्याइतकेंच लक्ष पहिल्या किकेकडे द्यावें. निरोगी इंजिनांत पहिल्याच किकेला कांटा मोठी उडी घेतो. झिजलेल्यांत तो कण्हत कण्हत, थोडथोडा चढतो.

दोन सिलिंडरांच्या इंजिनांत दोन्ही प्लग काढून मग एकामागून एक मोजावें, म्हणजे किकेचा वेग दोन्हींस सारखा मिळतो. १९८३ पासून आपल्या देशांत निघालेली राजदूत ३५० ही अशा इंजिनाची प्रसिद्ध गाडी. तिच्या सिलिंडराचा व्यास ६४ व धाव ५४ मिलिमीटर. अमेरिकेंत १९८७ सालापासून विकली गेलेली यामाहा बॅन्शी, जी वाळूच्या टेकड्यांवर चालणारी चार चाकांची गाडी होती व जिला तिकडे ए. टी. व्ही. म्हणतात, तिच्या इंजिनाचीहि हींच दोन मापें. एकाला हवेनें थंडावा, दुसऱ्याला पाण्यानें. तरी घराणें एकच, आणि परीक्षेची रीतहि एकच. दोन सिलिंडरांच्या आंकड्यांत शेंकडा दहाहून अधिक अंतर पडलें, तर कमी असलेल्या सिलिंडराकडे लक्ष पुरवावें, असा सर्वसाधारण दंडक आहे.

आतां हवेच्या दाबाचा विचार करूं. तोरिचेल्ली यांनीं १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीनें हवेचें वजन दाखवून दिलें, हें विद्यार्थ्यांनीं वाचलेंच आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांहून कांहीं अधिक उंचीवर आहे. येथील हवेचा दाब समुद्रकांठच्यापेक्षां शेंकडा सहा-साडेसहांनीं कमी असतो. मुंबईस जें इंजिन १२० पौंड दाखवितें, तें कोल्हापुरांत ११२ च्या आसपास दाखवील, आणि साडेतेराशें मीटर उंचीच्या महाबळेश्वरीं १०२ च्या आसपास. इंजिनांत कांहींच बिघडलेलें नसतें. पृथ्वीवरील हवेचा थर तेवढा विरळ झालेला असतो. कारखान्याच्या पुस्तकांतील आंकडा ताडून पाहतांना ही वजावाट केली पाहिजे. पुस्तकांतील आंकडा मिळालाच नाहीं, तर लहान टू-स्ट्रोक इंजिनाचा आंकडा योग्य रीतीनें मोजूनहि १०० च्या पुष्कळ खालीं आल्यास संशय घ्यावा. परंतु केवळ संशय घ्यावा, लगेच ब्लॉक उतरवूं नये.

आंकडा कमी येण्याचीं कारणें आम्हीं सांगितलीं. तो फाजील चढण्याचींहि आहेत. पिस्टनच्या माथ्यावर व हेडमध्यें कार्बनाची काजळी जाड बसली, तर दहनकोठी लहान होते व दाब वाढतो. झिजलेलें इंजिन ह्या काजळीच्या बळावर निरोगी भासूं शकतें. प्लगच्या भोकांतून ऑइल ओतलें, तर तें रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवितें, आणि जास्त ओतल्यास जागाहि अडवितें. दोन्ही प्रकारें कांटा वर जातो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें हें विसरूं नये. आपणांसमोर गाडी चालवून गरम करावयास लावावी, प्लग आपल्या डोळ्यांदेखत काढवावा, आणि मगच मोजावें. काढलेला प्लग ऑइलनें निथळत असेल, तर आंकडा कितीहि गोड असला तरी त्यावर भाळूं नये.

ह्या सर्वांचा व्यवहारांत काय परिणाम होतो, याचें एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाचे एक दूधवाले पंचगंगेपलीकडील गांवाहून जुन्या मोटरसायकलीवर शहरांत दूध आणतात. चढणीवर गाडी ओढीना, म्हणून त्यांनीं ती एका ठिकाणीं दाखविली. तेथें सकाळच्या थंड गाडीला, अ‍ॅक्सिलरेटर न पिळतां, गेज लावण्यांत आलें. कांटा फार खालीं राहिला, आणि बोअर करण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च त्यांच्या महिन्याच्या मिळकतीस भारी होता. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तीच गाडी गरम करून, वर सांगितलेल्या रीतीनें तीनदां मोजली, तेव्हां कंप्रेशन समाधानकारक निघालें. मग दोष कोठें? सायलेन्सर उघडला, तों तो काजळीनें जवळजवळ बुजलेला! टू-स्ट्रोक इंजिनांत ऑइल पेट्रोलाबरोबरच जळतें, त्यामुळें ही काजळी सांचते. धूर बाहेर पडेना कीं ताजी हवा आंत शिरत नाहीं, व गाडीची ओढ जाते. सायलेन्सर साफ करण्यास अर्धा दिवस लागला. सिलिंडराची एक पायरी वांचली, आणि दूधवाल्याचे पैसेहि.

ह्यावरून कंप्रेशनची परीक्षा सर्व दोष दाखविते असें मात्र कोणीं समजूं नये. टू-स्ट्रोक इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, हाहि हवाबंद असावा लागतो. क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल-सील जुने होऊन कडक झाले, तर तेथून हवा आंत ओढली जाते. मिश्रण पातळ होतें, इंजिन भलतेंच तापतें, आणि एके दिवशीं पिस्टन सिलिंडरांत जाम होतो. गिअरच्या बाजूचा सील गेला, तर गिअरचें ऑइल आंत ओढलें जाऊन पांढरा धूर निघतो. ह्यांपैकीं कशाचीहि वर्दी कंप्रेशनचें गेज देत नाहीं. आदल्या दिवशीं त्याचा आंकडा उत्तम असूं शकतो. त्यासाठीं इंजिनाचीं सर्व तोंडें बंद करून, हातपंपानें पांच-सहा पौंडांचा दाब भरून, तो कांहीं मिनिटें टिकतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें असतां बुडबुडे गळतीची जागा दाखवितात.

तात्पर्य, गेज हें साधन फार उपयुक्त आहे. परंतु तें मापणाऱ्याच्या काळजीपेक्षां अधिक खरें कधींच बोलत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस एकच विनंती आहे. एक लहान वही करा, व प्रत्येक गाडीच्या नांवापुढें तारीख, गेज कोणतें, इंजिन गरम होतें कीं थंड, किका किती, पहिल्या किकेचा आंकडा व शेवटचा आंकडा, इतकें लिहीत जा. सहा महिन्यांनीं त्याच गाडीला, त्याच गेजनें, त्याच रीतीनें पुन्हां मोजा. एकट्या आंकड्याहून त्या दोन आंकड्यांतील अंतर इंजिनाची झीज अधिक खात्रीनें सांगेल. आणि ज्याची गाडी आहे त्याला आंकडा सांगतांना तो कसा घेतला हेंहि सांगा. आपल्या शब्दावर विसंबून तो मनुष्य घरांतील पैसा बाहेर काढणार असतो. त्याला पुरतें सत्य कळणें हा त्याचा हक्क आहे.